इनाकादातेची रंगीत खाचरे

जपानच्या मुख्य बेटाच्या पार उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे, सफरचंदांचा आणि जबर हिमवृष्टीचा. तिथल्या त्सुगारू मैदानात इनाकादाते हे सात-आठ हजार वस्तीचे भाताचे गाव. पर्यटकाने वाट वाकडी करून यावे असे इथे फारसे काही नव्हते.

होता तो भाताचा वारसा. 1981 साली गावातल्या तारेयानागी इथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खाचरे जमिनीखाली सापडली. इतक्या थंड उत्तरेत त्या काळी भात पिकत होता का, हा अभ्यासकांमधला वाद. बांधांच्या आखीव चौकटी आणि चिखलात उमटलेली माणसांची पावले समोर आली आणि तो मिटला.

यंत्रे आल्यावर हाताने लावणी आणि विळ्याने कापणी दुर्मीळ झाली होती. ती लोकांना अनुभवायला मिळावी म्हणून 1993 मध्ये ग्राम कार्यालयाने एक खाचर निवडले. नेहमीच्या हिरव्या भातासोबत जांभळ्या आणि पिवळ्या पानांचे जुने वाण लावले आणि जवळच्या इवाकी पर्वताचे साधे चित्र उगवले. पुढची काही वर्षे दरसाल तोच पर्वत.

2003 साली गावाने मोनालिसा लावायला घेतली. कार्यालयाची इमारत किल्ल्याच्या आकाराची आहे. तिच्या मनोऱ्यावरून पाहिले तर मोनालिसा खाली भलतीच फुगलेली आणि वर आखडलेली! चित्र कागदावर बिनचूक होते, पण शेताचा लांबचा भाग नजरेला लहान दिसतो, हे त्यात धरले नव्हते. तेव्हापासून आराखडा मनोऱ्यावरच्या नजरेच्या हिशोबाने मुद्दाम ताणून काढतात. मग मोजणी करून शेतात शेकडो खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या बांधायच्या आणि कुठल्या चौकटीत कोणते रोप हे ठरवायचे. रंग आता सातपर्यंत गेले आहेत. लावणीला हजारावर माणसे चिखलात उतरतात, त्यांत शाळकरी मुलेही असतात. कलाकुसरीचे श्रेय कुणा एकाला देता येत नाही, आणि मला या उपक्रमाचे सर्वांत मोठे बळ तेच वाटते. चित्रकार होकुसाईची प्रचंड लाट 2007 मध्ये याच पद्धतीने उभी राहिली.

जुलैच्या मध्यापासून चित्र भरात येते. 2012 मध्ये दुसरे शेत सुरू झाले, आणि 2013 मध्ये शेजारून जाणाऱ्या कोनान रेल्वेने ‘ताम्बोआर्ट’ (म्हणजे भातखाचरांची कला) नावाचे स्थानकच उघडले. हिवाळ्यात तिथे गाडी थांबत नाही. बहराच्या एका वर्षी पाहुण्यांची संख्या तीन लाखांवर गेली.

पैशाचा मोह आडवा आलाच. 2008 मध्ये चित्राखाली जाहिरातीची बोधचिन्हे लावली होती. जमिनीच्या मालकाने हरकत घेतली, तेव्हा ती लावलेली रोपे उपटून टाकण्यात आली. तो निर्णय मला योग्य वाटतो. लोक जे पाहायला येतात ते गावाचे शेत आहे.

एवढे करूनही वस्तीची घट थांबलेली नाही. तरुण शहरांकडे जातात, शेतकऱ्यांचे वय वाढते. रंगीत भाताने त्यावर तोड निघालेली नाही. मात्र प्रवेशशुल्क, खाणावळी आणि स्थानिक मालाची विक्री यांतून गावात पैसा येऊ लागला, आणि जपानमधल्या इतर अनेक गावांनी हा धडा गिरवला.

तो आपल्याकडेही पोहोचला. सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे इथे श्रीकांत इंगळहळीकर यांनी जांभळ्या आणि हिरव्या भातातून चित्रे उगवली. तिकडे इनाकादातेने 2022 मध्ये मोनालिसा पुन्हा लावली, या वेळी प्रमाणात.