वंशाचा रकाना भरतो कोण?

अमेरिकेत मृत्युदाखल्यावर माणसाचा वंश लिहिण्याचे काम बहुतेक वेळा अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यावसायिकाकडे असते. नियमाप्रमाणे त्याने घरच्यांना विचारायचे. पण कधी विचारले जाते, तर कधी चेहरा पाहूनच खूण केली जाते. ज्याच्याबद्दल लिहिले, तो काही तक्रार करायला येत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ अलिया सॅपरस्टीन यांनी अँड्र्यू नॉयमर आणि अँड्र्यू पेनर यांच्यासह या खुणांचा माग काढला. त्यांचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. दाखल्यावरचा वंश आणि जवळच्या नातेवाइकाने सांगितलेला वंश त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिला. बहुतेक ठिकाणी दोन्ही जुळले. जिथे जुळले नाहीत, तिथल्या चुकांना मात्र एक दिशा होती. माणूस दारूशी जोडल्या जाणाऱ्या सिरोसिस या यकृताच्या आजाराने गेला असेल तर त्याची नोंद मूळनिवासी म्हणून होण्याची शक्यता वाढत होती आणि खून झाला असेल तर कृष्णवर्णीय म्हणून, मग घरच्यांनी काहीही सांगितलेले असो. दारूडा म्हणजे मूळनिवासी, गोळी लागलेला म्हणजे काळा, हा समज सरकारी कागदावर उतरत होता. पुढे त्याच कागदांची बेरीज करून तोच समज ‘आकडेवारीने सिद्ध’ होणार, हे वेगळे सांगायला नको.

जिवंत माणसांचीही यातून सुटका नाही. १९७९ मध्ये सुरू झालेल्या एका दीर्घ सर्वेक्षणात मुलाखत घेणारा दर वेळी समोरच्याचा वंश स्वतःच्या अंदाजाने नोंदवत असे. सॅपरस्टीन आणि पेनर यांनी ही वर्षानुवर्षांची पाने तपासली, तेव्हा सुमारे २० टक्के लोकांचा नोंदलेला वंश निदान एकदा तरी बदललेला सापडला. नोकरी गेली, तुरुंगवास झाला, गरिबी आली, की माणूस गोरा म्हणून नोंदला जाण्याची शक्यता घटत होती.

अशा नोंदींवरचे हिशेब कुठे कच्चे राहतात, हे पाहायला आता आरोग्यविम्याकडे वळू. ओबामांच्या २०१० च्या कायद्यानंतर विमा नसलेल्यांचे प्रमाण सगळ्याच गटांत घसरले. तरी २०२३ मध्ये पासष्टीच्या आतल्या गोऱ्यांपैकी साधारण ६ ते ७ टक्के विम्याविना होते, तर हिस्पॅनिक आणि मूळनिवासी गटांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. हे आकडे सर्वेक्षणातले आहेत. तिथे वंश माणूस स्वतः किंवा घरातला कोणी सांगतो, म्हणून ते बरेच भरवशाचे. मृत्यूचे आकडे मात्र दाखल्यांवरून येतात. स्वतःला मूळनिवासी म्हणवणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक मृत्यूनंतर भलत्याच वंशात, बहुधा गोऱ्यांत, जमा होतात. त्यामुळे त्यांचा मृत्युदर आहे त्यापेक्षा बराच कमी दिसतो. विमा नसल्याची किंमत मोजायची, तर हिशेबाची एक बाजूच अशी कच्ची आहे.

मेडिकेअर या वृद्धांच्या योजनेची अडचण आणखी निराळी. तिने वंशाची माहिती घेतली सोशल सिक्युरिटीच्या अर्जांवरून आणि १९८० पर्यंत त्या अर्जावर गोरा, काळा आणि इतर असे तीनच पर्याय होते. ही भोके बुजवण्यासाठी रँड संस्थेच्या संशोधकांनी आडनाव आणि पत्ता यांवरून वंशाची संभाव्यता काढण्याची पद्धत बसवली. वॉशिंग्टन आडनावाच्या दर दहांपैकी जवळपास नऊ जण कृष्णवर्णीय आहेत, तिथे अंदाज सोपा. पण गोव्याच्या किंवा वसईच्या परेरांचे काय? हेच आडनाव ब्राझीलमध्येही आहे आणि स्पॅनिश मुलखांतही. गणिताने या परेराबाईंना हिस्पॅनिक ठरवले, तर त्याला दोष देता येणार नाही. मोठ्या गटाची सरासरी काढायला ही पद्धत उपयोगी आहे. एकेका माणसाची ओळख ठरवायला ती वापरू नये.

आपल्या लोकांनी तर या रकान्यांचे सगळे खेळ पाहिले आहेत. १९२० ते १९४० च्या अमेरिकी जनगणनांत ‘हिंदू’ हा चक्क एक वंश होता, मग माणूस शीख असो वा मुसलमान. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व मागणाऱ्या भारतीय भगतसिंग थिंद यांना गोरे मानायला नकार दिला. १९७० च्या जनगणनेत भारतीय गोऱ्यांत मोजले गेले आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ हा स्वतंत्र पर्याय आला. माणसे तीच राहिली, रकाने बदलत गेले.

मार्च २०२४ मध्ये वंश नोंदवण्याचे सरकारी नियम पुन्हा बदलले. हिस्पॅनिक हा वेगळा प्रश्न वंशाच्या प्रश्नात मिसळला, मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका हा गट नव्याने आला आणि सरकारी खात्यांना फॉर्म बदलायला तेव्हा मार्च २०२९ पर्यंत मुदत मिळाली. विम्याच्या अर्जातला वंशाचा प्रश्न ऐच्छिक असतो आणि पुष्कळ जण तो सोडून देतात. या माहितीचा गैरवापर होईल ही त्यांची भीती निराधार नाही. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना घरांतून हलवताना जनगणनेच्या आकड्यांचा आधार घेतला गेला होता. तरीही न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये राहणाऱ्या वाचकांना माझे सांगणे आहे, की तो प्रश्न सोडू नका. तुम्ही उत्तर दिले नाही, तर तुमचे आडनाव आणि पिनकोड पाहून ते दिले जाईल.