डॉक्टर कारखानदार होतो तेव्हा

डॉक्टरनं कंपनी काढली की आपल्याकडे लगेच ‘पैशाच्या मागे लागला’ म्हणतात. मला तसं वाटत नाही. अमेरिकेतील कर्करोग शल्यविशारद डॉ. आरी बेलडेग्रुन यांनी २००९ मध्ये ‘काइट’ कंपनी काढली. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत शरीरात सोडायच्या, हा उपचार. प्रत्येक रुग्णासाठी औषध वेगळं! ते बनवायला कारखानाच हवा. २०१७ मध्ये लिंफोमासाठी मान्यता मिळाली. किंमत मात्र तेव्हा ३,७३,००० डॉलर होती. मुंबईच्या आयआयटी व टाटा रुग्णालयाच्या प्रयत्नांतून घडलेल्या अशाच उपचाराला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तो बराच स्वस्त, तरी खर्च लाखांत. आपल्या सीमाभागातील शेतकऱ्याला तो परवडेल, तेव्हाच मी हे काम पुरं झालं म्हणेन.