हाताचं काम, घरचा घास

घरी रांधण्याची, हातानं बनवण्याची हौस सध्या वाढते आहे. ती कशावर टिकते, हे पाहायला भंडारा जिल्हा बरा. मोहाडी-आंधळगावच्या करवतकाठी साडीचं अंग टसरचं, काठ सुती. काठावर करवतीचे दाते उमटवायचे, तर अंगाला एक धोटा आणि दोन काठांना दोन वेगळे. दर फेरीला धागे एकमेकांत अडकवायचे. यंत्रमागाला हे सहजी जमत नाही, म्हणून ही साडी हातानं विणली जाते; जुन्याचं कौतुक म्हणून नव्हे. स्वयंपाकातही तेच. भौगोलिक मानांकन मिळालेला इथला चिन्नोर तांदूळ नुसता शिजवला तरी वास दरवळतो. पुड्यातला मसाला कशाला हवा?

वेळ कुणाला आहे, हा आक्षेप खरा आहे. त्याहून खरा दुसरा: ‘घरचं’ म्हणजे बहुधा बाईच्याच माथी. पण विणकराच्या घरात एक जण मागावर बसतो, तेव्हा दुसरा कांड्या भरतो. एकट्यानं साडी होत नाही. स्वयंपाकघरात अशी वाटणी नसेल, तर घरगुतीपणाचे गोडवे गाऊच नयेत. किमतीचं म्हणाल, तर हातमागाची साडी महागच. त्यात मजुरीचे दिवस मोजलेले असतात. तेव्हा जमेल ते घरी करा, आणि जमत नाही ते विणकराकडून घ्या, घासाघीस न करता.