चीक, चिक्कू आणि चिकू

फणस फोडायला बसण्यापूर्वी हाताला आणि सुरीला खोबरेल तेल लावायचं, हे गोव्यात कुणाला शिकवावं लागत नाही. नाही लावलं तर काय होतं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. चीक! पाण्याने जात नाही, साबणाने नुसता पसरतो, तेलानेच सुटतो. आमच्या घरी आम्ही कोंकणी बोलतो, पण तिथेही तो चीकच. म्हणून या वेळी ह्याच शब्दाबद्दल थोडं लिहितेय.

चीक म्हणजे झाडातला कुठलाही रस नव्हे. उसाचा रस असतो, चीक नसतो. झाडाला जखम झाली, पान तोडलं, देठ मोडला की जो दाट, चिकट, बहुतेक वेळा दुधासारखा पांढरा द्रव बाहेर येतो, तो चीक. झाड त्याने जखम बुजवतं आणि किड्यांना दूर ठेवतं. रुईचा चीक डोळ्यांना घातक. आंब्याचा चीक ओठाला लागला तर भाजल्यासारखा डाग पडतो. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं, त्यामुळे मटणाला पपई लावली की ते मऊ होतं. डिंक मात्र वेगळा. तो झाडावर वाळून खडा होतो आणि त्याचे लाडू करता येतात. चिकाचे लाडू कुणी केल्याचं ऐकलं नाही!

पण चीक फक्त झाडाला नसतो. गाय-म्हैस व्याल्यावर पहिले काही दिवस जे दाट दूध येतं, तोही चीक. त्याचा खरवस होतो. घाटावरच्या मैत्रिणींना आणखी एक चीक माहीत असतो, गव्हाचा. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे. तळाशी जो पांढरा साका बसतो तो चीक. तो शिजवून कुरडया घालतात, आणि त्याआधी मुलं वाटीभर गरम चीक मटकावतात.

झाड, गाय आणि गहू यांना जोडणारं काय? दाटपणा आणि चिकटपणा. शब्दाचं मूळही तेच सांगतं. संस्कृतात ‘चिक्कण’ म्हणजे स्निग्ध, गुळगुळीत. त्याच गोतावळ्यात आपले चिकट, चिकटणे, चिकणमाती हे शब्द येतात. धरलेलं काम न सोडणाऱ्याची चिकाटी आणि धरलेला पैसा न सोडणारा चिक्कू, दोघेही इथलेच. कॉलेजात एखाद्याला ‘काय चिकणा दिसतोस’ म्हणतो, तोही फणसाच्या चिकाचा लांबचा भाऊबंद!

मग चिकू हे फळ? कच्च्या चिकूला चीक भरपूर असतो, तेव्हा नाव त्यावरूनच पडलं असेल असं वाटतं. पण नाही. हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. स्पॅनिशमध्ये त्याला ‘चिकोसापोते’ म्हणतात, आणि ते नाव तिथल्या नाहुआत्ल भाषेतून आलं. गंमत म्हणजे याच झाडाच्या चिकापासून १९व्या शतकात च्युइंगगम बनू लागलं. म्हणजे वस्तू चिकट, नाव सारखं, तरी नातं नाही. शब्दांचं मूळ शोधताना कानावर पूर्ण भरवसा ठेवू नये, तो यासाठी.

आता आपण फणसाचा ‘गम’, रबराचं ‘लॅटेक्स’, गव्हाचं ‘स्टार्च’ आणि गाईचं ‘कोलोस्ट्रम’ म्हणतो. विज्ञानाच्या पेपरात ते हवंच, कारण हे चार पदार्थ खरोखर वेगळे आहेत. पण ते हाताला सारखेच लागतात, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखलं आणि एका शब्दात ठेवून दिलं. ती ओळख ‘चीक’ म्हटल्यावरच कळते. तुमच्या घरी आणखी कशाला चीक म्हणत असतील, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत जरूर सांगा.