टिपांसकट नाटक

मोरेश्वर रामचंद्र काळे यांनी १८९८ साली टिपांसकट 'अभिज्ञानशाकुंतल' काढलं तेव्हा मुंबई विद्यापीठानं नुकतीच चाळिशी ओलांडली होती आणि कालिदास परीक्षेला लागत होता. पुस्तकात मूळ संहिता, तिच्यावरची राघवभट्टाची 'अर्थद्योतनिका' ही जुनी संस्कृत टीका, मग इंग्रजी भाषांतर आणि शेवटी काळ्यांच्या स्वतःच्या टिपा. समास सोडवायचा, अलंकार सांगायचा, पुराणातला संदर्भ उलगडायचा, राघवभट्टाचं पटलं नाही तर तसं म्हणायचं. 'मृच्छकटिक', 'मुद्राराक्षस', 'उत्तररामचरित', 'मालतीमाधव' यांनाही त्यांनी हाच साज चढवला. या आवृत्त्या आजही छापल्या जातात.

काळ्यांच्या आधी मोठी माणसं या वाटेनं गेली होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं 'मालतीमाधव' १८७६चं, तर पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचं 'मुद्राराक्षस' १८८४चं. त्यांचा भर हस्तलिखितं ताडून शुद्ध पाठ ठरवण्यावर. काळ्यांचं लक्ष समोर बसलेल्या पोरावर. म्हणून त्यांना 'गाइडवाले' म्हणायचा मोह होतो, पण तो अन्याय आहे. पोराचं अडणार कुठे, हे ओळखायलाही विद्वत्ता लागते.

'शाकुंतला'तली एक जागा बघा. शिकारीला निघालेल्या दुष्यंताच्या लवाजम्यात धनुष्य सांभाळणाऱ्या यवनी आहेत. कालिदासाच्या राजाकडे ग्रीक बायका कुठून आल्या, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला पडेल. जुन्नरच्या माणसाला पडू नये. इथल्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांची दानं कोरलेली आहेत. एकानं पाण्याची टाकी दिली, एकानं संघाला भोजनमंडप दिला. नाणेघाटानं कोकणातून वर चढणाऱ्या मालाबरोबर अशी माणसंही येत असणार. टीप लिहिणाऱ्यानं शिवनेरी-मानमोडीची एक चक्कर मारली असती तर त्या जागी चार ओळी वाढल्या असत्या.

माझी खरी तक्रार प्राकृताबद्दल आहे. नाटकात राजा संस्कृत बोलतो. शकुंतला, तिच्या सख्या, विदूषक, अंगठी सापडलेला कोळी, सगळे प्राकृत. बायकांचं बोलणं शौरसेनीत, गाणं महाराष्ट्रीत. छापील प्रतीत प्राकृत वाक्याच्या जोडीला संस्कृत छाया, म्हणजे त्याचं संस्कृत रूपांतर, असते. सोय म्हणून उत्तम, पण पोरं छायाच वाचतात आणि मूळ वाक्य ओलांडून पुढे जातात. शिवाय प्राकृत म्हणजे बायका-नोकरांची भाषा, एवढंच डोक्यात राहतं. नाट्यशास्त्राचा संकेत म्हणून ते ठीक. नाणेघाटातल्या लेण्यात मात्र सातवाहनांच्या घरची नागनिका यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांचा हिशेब प्राकृतात कोरून ठेवते. यज्ञ वैदिक, घराणं राजाचं, भाषा प्राकृत! हा लेख 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेत यायला हवा, कारण रंगमंचावरची उतरंड म्हणजे राज्यकारभारातली उतरंड नव्हे, हे त्यातून चटकन कळतं.

'मृच्छकटिका'त तर छाया वाचून नाटकच हातचं जातं. पृथ्वीधर हा जुना टीकाकार कोणतं पात्र कोणती बोली बोलतं याची यादीच देतो: शौरसेनी, आवंती, प्राच्या, मागधी, शकारी, चांडाली, ढक्की. नारायणगावच्या फडात सोंगाड्यानं हेल काढला की पब्लिक लगेच ओळखतं, हा कुठला. राजाचा मेहुणा शकार 'स'च्या जागी 'श' घोळवतो त्याला तेव्हा तसंच हसू येत असणार. छायेत तो शहाण्यासारखा शुद्ध बोलतो.

सहाव्या अंकात चंदनक हा शिपाई गाडीची झडती घेतो. आत नायिका वसंतसेनेऐवजी राजाच्या कैदेतून पळून आलेला आर्यक. त्याला वाचवायचं ठरवून चंदनक बाहेर येतो आणि बोलताना आधी पुल्लिंग वापरतो, मग घाईघाईनं स्त्रीलिंग. दुसऱ्या शिपायाला, वीरकाला, संशय येतो. चंदनक म्हणतो, आम्ही दक्षिणेकडचे, आमचं बोलणं अस्पष्टच असतं. हे सांभाळायला इंग्रजी भाषांतराची दमछाक होते, मराठीत 'पाहिला... पाहिली' म्हटलं की काम झालं. वीरकाचं काही समाधान होत नाही. तो स्वतः गाडीत डोकवायला जातो, तशी चंदनक त्याला लाथ घालतो आणि आर्यकाच्या हाती तलवार देऊन गाडी वाटेला लावतो.