अंगणात पाणी साचतंय? उतार मोबाइलने मोजा

गेल्या पावसाळ्यात आमच्या अंगणातलं पाणी घराच्या भिंतीशी साचायचं. आतल्या खोलीत ओल आली. गवंडी म्हणाला, सगळा कोबा फोडून नवा करू. आई तयारही झाली होती. मी म्हटलं, आधी उतार तर मोजू.

मोबाइलमधला अ‍ॅक्सेलरोमीटर सेन्सर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, म्हणून फोन किती कललाय ते कळतं. आयफोनच्या ‘मेझर’ अ‍ॅपमध्ये लेव्हल असते. अँड्रॉइडवर लेव्हलचं कुठलंही फुकट अ‍ॅप चालेल (कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागणारं मात्र नको!).

फोन थेट जमिनीवर पालथा-उताणा ठेवू नका. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे आकडा चुकतो. उताराच्या दिशेने एक सरळ फळी ठेवा आणि तिच्यावर फोन लांब कडेवर आडवा उभा करा. आकडा लिहून घ्या. मग फळी न हलवता फोनची तोंडं फिरवा, पुन्हा आकडा घ्या. दोन्हींची सरासरी धरा, म्हणजे सेन्सरची स्वतःची चूक निघून जाते.

1 अंश म्हणजे मीटरला साधारण 1.75 सेंमी. भिंतीपासून बाहेरच्या बाजूला एवढा उतार असला की पाणी वाहतं. आमच्याकडे फक्त भिंतीलगतचा दीड मीटरचा पट्टा उलटा कलला होता. तेवढाच फोडला. गवंड्याने नंतर आपल्या पाण्याच्या नळीने तपासलं, तेव्हा कुठे त्याला पटलं.