आलू आपला, भाव परक्याचा

पुण्या-मुंबईकडे ज्याला बटाटा म्हणतात तो आम्हा पवनीकरांचा आलू. लग्न असो की नामकरण, पंगतीत आलू-वांग्याची भाजी नसली तर आमच्याकडे जेवण झाले असे कोणी म्हणत नाही. पावसाळ्यात हा आलू मुख्यतः उत्तर प्रदेशातून, आग्र्याकडच्या शीतगृहांतून येतो. काढलेला असतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, खातो आपण ऑगस्टमध्ये.

मग आपल्याकडे आलू होत नाही काय? हलका धान लवकर निघतो. ज्यांच्याकडे पाणी व निचऱ्याची जमीन आहे त्यांना नोव्हेंबरात आलू लावता येतो. थंडी या पिकाला मानवते. अडचण पीक काढल्यावर सुरू होते.

आमच्या ओळखीच्या एका कास्तकाराने भाव वाढेल या आशेने पोती खोलीत छतापर्यंत रचली. एप्रिल संपता संपता घरात वास सुटला. बरेच आलू वरून चांगले, कापले तर आत काळे. हवा कोंडली आणि उष्णता वाढली की असे होते. हिशेबाची वही आम्हीच लिहीत होतो. सर्वांत मोठा खर्च बियाण्याचा, आणि तोही उकिरड्यात गेला. पुढच्या वर्षी त्याने शेतातच पडेल त्या भावाने माल दिला, आणि श्रावणात घरच्या भाजीसाठी दुकानातून विकत आणला!

पुणे जिल्ह्यात मंचरकडे रब्बीचा बटाटा ‘आरणी’त ठेवतात. म्हणजे झाडाच्या सावलीत ढीग घालून वर पाचट, गवत झाकायचे. आपल्याकडेही मार्च-एप्रिलपर्यंत ही युक्ती चालण्यासारखी आहे. मात्र भंडाऱ्याच्या मे महिन्यापुढे ती टिकणार नाही. काढणीच्या आठ-दहा दिवस आधी पाला कापावा, म्हणजे साल पक्की होते. काढल्यावर आठ-पंधरा दिवस माल सावलीत सुकू द्यावा. फुटका, कुदळ लागलेला आलू आधीच वेगळा काढावा. ढीग कमरेच्या वर जाऊ नये. उघड्या आलूवर पाकोळी अंडी घालते, म्हणून वर कडुलिंबाचा पाला पसरावा.

घरातील भगिनींसाठीही एक गोष्ट. आलू उजेडात ठेवल्यास हिरवा पडतो व त्यात विषारी द्रव्य वाढते. तो मुलांच्या ताटात जाऊ देऊ नये. फ्रिजमध्येही ठेवू नये, गोड लागतो.

बियाण्याला मात्र २ ते ४ अंश सेल्सिअसचे शीतगृहच हवे. पाच-दहा पोत्यांसाठी एकट्याने गाडी करणे परवडत नाही. म्हणून गेल्या हंगामात आम्ही काही घरांची पोती एकत्र मोजून पाहिली. एक गाडी भरायला ती कमी पडली. वही आमच्याकडेच आहे, आणि नोव्हेंबरच्या लावणीआधी शेजारच्या दोन गावांत ती घेऊन जायचे ठरले आहे.